खारीचे हिराजी मिस्त्री

हिराजी मिस्त्री दुकानात आले की आमचे शेठ गल्ला माझ्यावर सोपवून मागच्या गोदामात निघून जायचे. दोघांचं काही वाकडं नव्हतं, पण शेठना तो प्रकार बघवत नसे. बाकीचे मेकॅनिक गाडीचं नाव सांगायचे, खोका उचलायचे आणि चालू पडायचे. मिस्त्री खोका काउंटरवरच उघडायचे. तेलकट कागदात गुंडाळलेल्या रिंगा एकेक करून काढायचे, दाराच्या उजेडाकडे धरायचे, कडेवरून बोटाचं पेर फिरवायचे आणि मग कानाशी नेऊन नखाने हलकेच टिचकी मारायचे. आवाज पसंत पडला की ती रिंग उजवीकडे. नाही पडला तर परत कागदात. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी त्यांना त्याचं काही नसे. एखादा चुळबुळ करायला लागला की मान न वळवता म्हणायचे, "तू घे ना आधी. मना टाइम हाय."

भाईंदरला केबिन रोडच्या आतल्या गल्लीत हे स्पेअर पार्टचं दुकान. मी संगमेश्वरहून आलो तो या काउंटरला लागलो आणि इथेच केस पांढरे झाले. हजार मेकॅनिक पाहिले असतील. त्यातले बहुतेक चेहरे एकमेकांत मिसळून गेलेत. हा एक माणूस तेवढा वेगळा राहिलाय.

ज्यांनी इंजिन उघडलेलं कधी बघितलं नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. पिस्टन म्हणजे पालथ्या पेल्यासारखा एक जाड तुकडा. तो इंजिनच्या नळकांड्यात वर-खाली पळत असतो. त्याच्या गळ्याभोवती खाचा असतात आणि त्या खाचांत लोखंडाच्या बारीक कड्या बसवलेल्या असतात. त्याच रिंगा. वरच्या दोन स्फोटाचा जोर खाली निसटू देत नाहीत, खालची तेल निपटते. कडी एका जागी कापलेली असते, म्हणून ती जराशी फाकवून पिस्टनवरून उतरवता येते. पण हे ओतीव लोखंड. गरजेपेक्षा केसभर जास्त फाकवलं की काडकन मोडतं. जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधताना बाकीची कामं ताकदीची असतात. हे एकच काम बोटांचं.

मिस्त्री मूळचे तिथल्याच खारी गावचे, आगरी. त्यांच्या वडलांची तिथे भातशेती होती. आता त्या शेतांवर बिल्डिंगा आहेत, आणि दोन बिल्डिंगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. बुटके, रुंद पंजाचे, अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. गॅरेजवाल्याचा शर्ट पांढरा कसा राहतो हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही होतं एकदा. म्हणाले, काला पडतो तो घाईवाला.

त्यांची आणखी एक गंमत म्हणजे आयुष्यभर इंजिनं बांधून हा माणूस गाडी चालवत नसे. शिकलेच नाहीत. गाडी चालू झाली की मालकाला बसवायचे, स्वतः बाजूला बसून डोळे मिटायचे. त्यांना रस्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. आवाज ऐकायचा असायचा.

रिंगा बसवायच्या दिवशी ते वेगळेच असत. सकाळी शेडसमोर पाणी मारून घेत, बांधकामांच्या डंपरची धूळ बसावी म्हणून. पत्र्याचं दार अर्धं ओढत. हात आधी रॉकेलने, मग साबणाने आणि शेवटी घरून आणलेल्या बेसनाने धूत. धुतलेल्या धोतराच्या कापडावर पिस्टन ओळीने मांडलेले असत, ज्या नळकांड्यातला पिस्टन त्याच नळकांड्यासमोर. प्रत्येक रिंग आधी नुसती नळकांड्यात सोडून तिच्या दोन टोकांतली फट पट्टीने मोजायची. फट कमी असेल तर टोक कानसीने जरासं घासायचं. कारण इंजिन तापलं की रिंग फुगते, आणि टोकाला टोक भिडलं तर ती मोडते नाहीतर नळकांडं ओरबाडते. हे सगळं बाकीचेही करतात, निदान करावं असं त्यांना माहीत असतं. मिस्त्री ते दर वेळी करायचे एवढाच फरक. आणि त्या वेळात कोणी बोलायचं नाही. रेडिओ बंद. शेजारच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा सवय झाली होती. तो गिऱ्हाइकांशी हळू आवाजात बोलायचा.

त्यांच्या तोंडून कधी कोणाची स्तुती ऐकली नाही, आणि स्वतःची त्यांना ऐकवत नसे. कुणी म्हणालं की मिस्त्री, इंजिन काय मस्त झालंय, तर म्हणत, चालव अजून, दिवाळीनंतर सांग.

गावातल्या नीलेशच्या लग्नाची गोष्ट अजून खारीत सांगतात. नीलेशच्या आजोबांची जुनी जीप कितीतरी वर्षं चिंचेखाली उभी होती. वरात त्याच जीपमधून काढायची असा त्याच्या बापाने हट्ट धरला. मिस्त्रींनी इंजिन बांधून दिलं, पण देताना बजावलं की ही जीप आधी समुद्राकडच्या उत्तनच्या चढावर जोर देऊन पळवा. नव्या रिंगा नळकांड्याला घासून बसायला लागतात, आणि त्या जोरावरच बसतात. वरातीत गाडी मुंगीच्या पावलाने चालली तर रिंगा बसणार नाहीत आणि धूर काढतील. लग्नघरात ऐकायला कोण मोकळं होतं?

वरात निघाली आणि जीपने निळ्या धुराचा लोट सोडला. बेंजोवाले खोकायला लागले. नाचणारी पोरं मागे होती ती धावत पुढे आली. मिस्त्री नवा शर्ट घालून वरातीला आले होते. ते सगळा वेळ एकटेच त्या धुरात, जीपच्या अगदी मागे चालत राहिले, मान एका बाजूला कलवून. लोकांना वाटलं, लाज वाटली म्हणून तोंड लपवतायत. ते सायलेन्सरचा आवाज ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लग्नघरी हजर. घरात सत्यनारायणाची तयारी चाललेली. त्यांनी जीप मागितली आणि चालवायला नवरदेव मागितला. बाप चिडला. नीलेशच्या बायकोने, प्रणालीने, कालच उरणहून आलेल्या नव्या नवरीने, मीपण येते म्हणून सांगितलं आणि ती हळदीच्या अंगाने मागे चढून बसली. तिनेच पुढे मला ही हकिकत दुकानात सांगितली. डोंगरी गावापासून उत्तनपर्यंत मिस्त्री एकच सांगत होते, चढाला दाब, उताराला सोड. चढाला दाब, उताराला सोड. बाजूला समुद्र दिसत होता, नवराबायको लाजून एकमेकांकडे बघत होती, आणि हे गृहस्थ अर्धे बाहेर झुकून मागच्या नळीतून येणारा धूर बघत होते. दुपारी धूर थांबला तेव्हा म्हणाले, आता घरी जा, पूजा करा. भटजी तोवर दोन वेळा जेवायचं विचारून गेले होते. प्रणाली म्हणाली, लग्नानंतर आम्ही कुलू-मनालीला गेलो, पण फिरायला गेलो असं वाटलं ते त्या दिवशीच.

मिस्त्रींच्या बायकोचं नाव गुलाब. आम्ही सगळे गुलाबकाकी म्हणायचो. उंच, सावळी, मोठ्या कुंकवाची बाई. खारीत कुठे हळद असो, डोहाळजेवण असो, चुडा भरायला काकीलाच बोलावणं जायचं. धंदा नव्हता तिचा तो, पण तिच्या हातून काचेची बांगडी कधी वाढत नाही, म्हणजे फुटत नाही, अशी ख्याती होती. केवढाही जाड हात असो, काकी तो मांडीवर घेऊन साबण लावायची, गावातल्या भलत्याच गोष्टी काढायची, आणि पोरगी हसत असतानाच बांगडी मनगटात गेलेली असायची.

ही बाई रोज दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन शेडवर यायची आणि डबा उंबऱ्यावर ठेवून परत जायची. आत पाऊल टाकत नसे. मिस्त्री आतून यायचे, डबा उचलायचे. दोघं दोन शब्द बोलायची तीही उंबऱ्याच्या दोन बाजूंनी. मला वाटे, तेलाचा वास सहन होत नसेल. खरं कारण काकीनेच पुढे सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ती हौसेने शेड झाडायला गेली. फडक्यावर मांडलेले काळेकुट्ट तुकडे तिने छान घासूनपुसून लखलखीत केले आणि टोपलीत एकत्र रचून ठेवले. कुठला पिस्टन कुठल्या नळकांड्याचा ते सगळं गेलं. मिस्त्री गिऱ्हाइकासमोर ओरडले, की परत माझ्या कशाला हात लावू नको. काकी म्हणाली, मी तेव्हाच ठरवलं, आता हा बोलावील तेव्हाच आत जाईन. आणि त्यांनी कधी बोलावलं नाही. भांडण होतं असं दोघांनाही वाटत नसावं. संसार चांगला झाला, मुलगी पनवेलला दिली, नातवंडं झाली. फक्त तो उंबरा राहिला.

करोनानंतरच्या एका वर्षी मिस्त्री नेहमीसारखे काउंटरवर रिंगा तपासत होते. काचेवर रिंग टेकली आणि बारीक किणकिण वाजायला लागली. मी वर बघितलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो तळवा काचेवर दाबून धरला, जरा थांबले, मग डाव्या हाताने रिंगा कागदात गुंडाळल्या आणि निघून गेले. टिचकी मारायची राहिली. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला होता, गोळ्या दिल्या होत्या, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांनी तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात उत्तनजवळच्या पालीहून मंजुळा आली. कोळीण, चाळिशीची, चेहरा उन्हाने रापलेला. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि त्याचा मासळीचा जुना टेम्पो ती स्वतः चालवायची. पालीच्या त्या अरुंद गल्ल्यांतून टेम्पो काढणं भल्याभल्यांना जमत नाही. ती पहाटे मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात यायची. आता इंजिनात दम राहिला नव्हता. उत्तनच्या चढाला टेम्पो उभा राहायचा. हायवेवरच्या दोन गॅरेजवाल्यांनी बघून सांगितलं होतं, भंगारात द्या. दीर तर टपलेलाच होता. बाईमाणसाने टेम्पो चालवणं त्याला पहिल्यापासून पसंत नव्हतं. घरच्या चार माणसांत असं ठरलं होतं की नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातील तोवर टेम्पो चालू झाला तर मंजुळाने चालवावा, नाहीतर भंगारवाला येऊन घेऊन जाईल, आणि मंजुळाने टोपली डोक्यावर घेऊन बसने जावं.

मिस्त्रींनी टेम्पोभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर तळवा ठेवून इंजिन चालू करायला लावलं आणि हो म्हणाले.

त्या इंजिनच्या रिंगा आता बनत नाहीत. मी गोदामातले सगळे रॅक उलथेपालथे केले तेव्हा तळाशी एक खोका मिळाला. खोका वाळवीने खाल्लेला, आतल्या रिंगा मात्र तेलकट कागदात जशाच्या तशा. मिस्त्री घेऊन गेले. आठवडाभराने परत आले ते हातात रुमालाची पुरचुंडी घेऊन. आत एका रिंगेचे दोन तुकडे होते. म्हणाले, माल जुना झालेला, वरची रिंग बसवताना तडकली. मी म्हटलं, असेल, इतकी वर्षं पडून होता. वसईच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे बघतो, त्याच्याकडे एखादा खोका असला तर असला. ते बरं म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. रस्त्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

"मी खोटं बोललो तुला," ते म्हणाले. "रिंग चांगली होती. हात माजा हलला."

रिंगा फाकवायचा एक चिमटा येतो, तो मी काढून दिला. दुकानात एक जुना पिस्टन शोसाठी ठेवलेला होता, त्यावर त्यांनी तो लावून बघितला. हाताची थरथर चिमट्यात उतरून दुप्पट झाली. त्याची टोकं पिस्टनवर कडकड वाजली. त्यांनी चिमटा पुसून परत माझ्याकडे दिला. दुसऱ्या कुणा मेकॅनिकला बोलवू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्या बाईला होय मी म्हटलंय. एवढंच. मग काउंटरला टेकून गल्लीतली रहदारी बघत उभे राहिले.

वसईला खोका मिळाला. देणाऱ्याने सांगितलं, हा शेवटचा, यानंतर विचारू नका. रविवारी दुकान बंद असतं म्हणून मी तो द्यायला खारीला घरीच गेलो. मिस्त्री ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. समोर गुलाबकाकी शेजारच्या पोरीला बांगड्या भरत होती. तिचं संध्याकाळी डोहाळजेवण होतं. गरोदरपणाने हात सुजलेले. काकी तिला सासूबद्दल काहीतरी विचारत होती आणि अंगठ्याखालचं हाड दाबून हिरव्या बांगड्या एकामागून एक चढवत होती. मिस्त्रींनी ते आयुष्यभर बघितलं असणार. पण त्या दिवशी ते जसे बघत होते तसे मी त्यांना फक्त काउंटरवर बघताना पाहिलं होतं.

पोरगी गेल्यावर काकीने विचारलं, की गॅरेजचा खोका आज घरी कसा? मिस्त्रींनी खोका मांडीआड सरकवला. तीच म्हणाली, "ताटातला भात तांब्यात पडतो, मना काय दिसत न्हाय? तू सांगशील म्हनून गप होती."

मग त्यांनी सांगितलं. मोडलेली रिंग, मंजुळा, पौर्णिमा, सगळं, खाली बघत. काकीने हात पुढे केला. त्यांनी खोक्यातली एक रिंग तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती उजेडाकडे धरली, फिरवली, दोन टोकांमधल्या फटीत नख घालून बघितलं.

"हिला तर फट हाय," ती म्हणाली. "माज्या बांगडीला तीपन नसते."

मिस्त्री हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. पण हसून झाल्यावर त्यांनी रिंग परत कागदात गुंडाळली. काकीनेही पुढे काही विचारलं नाही. तिने साबणाचं पाणी ओट्याखाली ओतलं आणि आत गेली. काय बोलायचं राहिलंय ते दोघांना माहीत होतं, आणि ते काकी बोलणार नव्हती. मी निघताना मिस्त्री म्हणाले, पुढच्या रविवारी दुपारी शेडवर ये.

मी गेलो तेव्हा मंजुळाही आलेली होती. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे नळकांड्यांचा ठोकळा, धुऊन पुसून तयार होता. फडक्यावर दोन पिस्टन, पुढे रिंगा मोजून मांडलेल्या. फटी बघण्याचं आणि घासण्याचं काम मिस्त्रींनी आठवडाभर थोडं थोडं करत, हात शांत असेल तेव्हा, उरकलं होतं. जमिनीवर पाणी मारलेलं होतं. पण ते स्टुलावर नुसतेच बसले होते.

नेहमीच्या वेळेला काकी आली. डबा उंबऱ्यावर ठेवला. पदराने तोंड पुसलं. लगेच वळली मात्र नाही.

मिस्त्री उठले. दारापर्यंत गेले. त्यांचा उजवा हात हलत होता, तो त्यांनी डाव्याने धरला. मला वाटलं, डबा उचलतील आणि मागे फिरतील.

"गुलाब," ते म्हणाले, "आत ये."

काकीने उंबऱ्याकडे बघितलं. मग शेडमधल्या त्या मांडून ठेवलेल्या वस्तूंकडे. "मी काय पन हलवनार न्हाय हां," ती म्हणाली.

"हलव. काय वाटंल ते हलव."

ती आत आली. चपला बाहेर काढून, देवळात यावं तशी. पुढचं मात्र तिने सगळं आपल्या पद्धतीने केलं. हात धुतले, पदर खोचला, जमिनीवर मांडी घातली आणि एक अट सांगितली: मिस्त्रींनी पाठ करून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. त्यांची नजर हातावर असली तर आपला हात चुकेल, असं तिचं म्हणणं होतं. मिस्त्रींनी आधी एकदा सगळं सांगून घेतलं. तेलाची रिंग आधी, सगळ्यात खाली. मग मधली, मग वरची. रिंगेवर बारीक खूण असते, ती बाजू वर. आणि तिन्ही फटी एका रेषेत येता कामा नयेत, नाहीतर जोर तिथून निसटतो. काकीने ते त्यांना परत म्हणून दाखवलं. मग त्यांनी स्टूल उचललं, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं आणि बसले.

शेडमध्ये कोणी बोलत नव्हतं. काकीने पिस्टन मांडीत घेतला, एखादं मनगट घ्यावं तसा. पहिली रिंग दोन्ही अंगठ्यांनी अलगद फाकवली, खाली सरकवली आणि सोडली. खाचेत ती बसली त्याचा टक असा बारीक आवाज झाला. पाठमोऱ्या मिस्त्रींची मान जराशी हलली. दुसरी. पुन्हा टक, पुन्हा मान. तिसऱ्या रिंगेला, म्हणजे जी मागे मोडली होती त्या वरच्या रिंगेला, काकीने जास्त वेळ घेतला. एकदा फाकवली, परत मिटवली, पिस्टन फिरवून दुसऱ्या बाजूने धरला. मंजुळाने पदर तोंडाशी नेला होता. मिस्त्रींचे दोन्ही हात मांड्यांखाली होते.

टक.

मिस्त्रींना राहवलं नाही. रस्त्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "खून वर हाय ना?"

"गप बस," काकी म्हणाली.

मंजुळा हसली, मग मीही हसलो. इस्त्रीवाला दारातून डोकावून गेला. दुसरा पिस्टन झटपट झाला. पिस्टन नळकांड्यात सोडताना रिंगा दाबून धरायला पत्र्याचा पट्टा आवळावा लागतो, तो मंजुळाने आवळला आणि काकीने हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत पिस्टन आत उतरवले. तेव्हा मिस्त्रींना वळायची परवानगी मिळाली. त्यांनी वाकून दोन्ही नळकांड्यांत बघितलं, बोटाने तेल पसरवलं, इंजिन हाताने फिरवून बघितलं. डबा उघडला आणि म्हणाले, जेवून घ्या सगल्यांनी.

टेम्पो पौर्णिमेच्या चार दिवस आधी चालू झाला. मिस्त्री मंजुळाच्या शेजारी बसले, मागे बर्फाच्या लाद्या भरल्या आणि उत्तनच्या चढावर फेऱ्या सुरू झाल्या. चढाला दाब, उताराला सोड. पौर्णिमेला मी मुद्दाम पालीला गेलो. होड्या सजवल्या होत्या, बायका नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघाल्या होत्या. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभा होता. मंजुळाने तो मुद्दाम बंद केला नव्हता. तिचा दीर आला, थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने वाटेवर पडलेली जाळ्यांची एक गुंडाळी उचलून टेम्पोत टाकली आणि तिला सांगितलं, जाताना ही बंदरावर उतरव. मंजुळाने गिअर टाकला. चढाला टेम्पो थांबला नाही.

त्यानंतर काकी शेडमध्ये यायला लागली. धूळ येते म्हणून तिने दाराला जुन्या साडीचा पडदा लावला. अवजारं आपल्या सोयीने टांगली. मिस्त्रींना पाना सापडायचा नाही, ते शोधत बसायचे, पण ओरडले नाहीत. बाकीचं काम ते सांगायचे, बसवायचं काम ती करायची. मला दुकानात फोन यायचा तो तिचा, अमुक गाडीच्या रिंगा पाठव, मागच्या वेळी एक कडेला खडबडीत होती, तशी नको.

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले. आजार वाढत चालला होता, बोलणंही कमी झालं होतं, त्यामुळे लोक म्हणाले, सुटले. मला तसं वाटलं नाही. त्यांना काही जड झालेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी दिवाळीच्या सुमारास. रिंगांचा खोका पोचवायला शेडवर गेलो होतो. ते बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसले होते, पांढरा शर्ट, पायांवर शाल. मी शेजारी टेकलो. तेवढ्यात एक तरुण जुनी मोटारसायकल ढकलत आला. घामाघूम झाला होता. मीरा रोडहून कुणीतरी त्याला पत्ता दिला होता. त्याने गाडी स्टँडला लावली आणि या म्हाताऱ्या माणसाला विचारलं, "काका, मिस्त्री आहेत का?"

सगळी खारी ज्या माणसाला नावाने नाही तर मिस्त्री म्हणूनच ओळखत होती, त्याने त्या पोराकडे मान वर करून बघितलं. मग थरथरता हात उचलून साडीच्या पडद्याकडे दाखवला.

"मिस्त्री आत हाय," ते म्हणाले. "बस जरा. येल ती भायेर."

आणि खुर्ची थोडी सरकवून त्यांनी त्या पोराला उन्हात जागा करून दिली.